चिल्लर, नोटा आणि नमस्कार

सेकंडहँड गाडी घेणं आणि जुनी स्पोर्ट्स कार घेणं, ह्या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. दहा वर्षं जुनी कोरोला आपण घेतो ती गरज म्हणून. ऑफिसला जायचंय, मुलांना शाळेत सोडायचंय, खिशात एवढे आहेत, बास. तिच्यात काही खोट निघाली तर आपण शांतपणे दुसरी बघतो. तीस वर्षं जुनी, दोन सीटची, उघड्या टपाची गाडी मात्र जगात कुणालाच लागत नसते. ती फक्त हवी असते. आणि जी गोष्ट नुसती हवी असते तिच्यातले दोष बघायला डोळे तयार नसतात. सगळी गोची तिथेच आहे.

हा विषय डोक्यात यायचं कारण माझा भाचा. न्यू जर्सीत नोकरीला लागून त्याला दोन वर्षं झाली. एका रविवारी जेवायला आला आणि भाताचा शेवटचा घास घेता घेता म्हणाला, "मामा, मी मिआटा घेतोय." साडेसात हजार डॉलर साठवले होते पठ्ठ्याने. अशीच एक गाडी मी अकरा वर्षं चालवली आहे आणि बरीचशी स्वतःच्या हाताने खोलली-जोडली आहे, त्यामुळे बघायला सोबत कोण जाणार हे ठरल्यासारखंच होतं. आमच्या ताईला, म्हणजे त्याच्या आईला, अजून काही कळलेलं नव्हतं.

ज्यांना मिआटा माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साठच्या दशकात इंग्लंडमधे लोटस एलान वगैरे छोट्या, हलक्या, उघड्या गाड्या निघायच्या. चालवायला मजेदार, पण तेल गळणाऱ्या आणि कधी बंद पडतील ह्याचा नेम नसलेल्या. माझ्दाने तीच कल्पना उचलली आणि रोज सकाळी बिनतक्रार सुरू होणारी गाडी बनवली. फेब्रुवारी १९८९ मधे शिकागोच्या ऑटो शोमधे ती पहिल्यांदा दाखवली. किंमत १३,८०० डॉलर, इंजिन १.६ लिटर, वजन जेमतेम एक टन. डोळे मिटणारे-उघडणारे दिवे होते ती पहिली पिढी १९९७ पर्यंत चालली आणि चार लाखांहून जास्त विकली गेली. त्यामुळे आजही सापडतात. सुटे भाग मिळतात. इंजिन चिवट आहे. मग तपासायचं काय? तर इंजिन सोडून बाकी सगळं!

त्या रविवारी मी भाच्याला एक कोरा कागद दिला आणि तीन रकाने आखायला लावले. पहिला चिल्लर, दुसरा नोटा आणि तिसरा नमस्कार. चिल्लर म्हणजे शे-दोनशे डॉलरमधे सुटणारी दुखणी. नोटा म्हणजे खिसा हलका करणारी, पण नक्की सुटणारी. आणि नमस्कार म्हणजे हे दिसलं की विकणाऱ्याला हात जोडायचे आणि घरी यायचं. मग भाव कितीही उतरो. अट एकच, की कागद घरी भरायचा. गाडीसमोर उभं राहून नाही.

चिल्लरपासून सुरुवात करू. गाडी थंड असताना सुरू केली की इंजिनमधून शिवणाच्या मशीनसारखी टिकटिक ऐकू येते. ते हायड्रॉलिक लिफ्टर. तेल पोचलं की दोन-चार मिनिटांत गप्प होतात. इंजिनच्या मागच्या बाजूने तेल गळून गिअरबॉक्सवर उतरलेलं दिसतं आणि बघणाऱ्याला वाटतं, क्रँकचं मागचं सील गेलं, आता गिअरबॉक्स खाली उतरवावा लागणार. बरेचदा ते असतं कॅम अँगल सेन्सरचं एक रबरी कडं, दोन-चार डॉलरचं. जागा मात्र अशी अडचणीची की हात सोलून निघतो. क्लचचं पेडल मऊ लागलं तर आधी स्लेव्ह सिलिंडर बघायचा. तो ह्या गाड्यांत गळतोच. काचा वर जाताना कण्हत जातात, त्याकडे दुर्लक्ष करायचं. दोन्ही दिवे डोळे उघडतात का ते मात्र बघायचं, एकच उघडला तर गाडी डोळा मारत घरी येईल.

नोटांचा रकाना जरा गंभीर. टायमिंग बेल्ट दर ६०,००० मैलांना बदलायचा असतो. ह्या इंजिनाचा चांगुलपणा असा, की बेल्ट तुटला तरी पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत, तुम्ही नुसते रस्त्यात अडकता. तरी बदलल्याची पावती मागायची. "बदललाय बहुतेक" ह्या वाक्याचा अर्थ बदललेला नाही असा घ्यायचा. पाण्याचा पंपही त्याच वेळी बदललेला बरा, कारण खोलाखोल तीच. कापडी टपाची मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी पडून तडकते आणि टप शिवणीवर फाटतो. टायरची नक्षी छान दिसते, पण टायरच्या अंगावर चार आकडे असतात ते वाचायचे. २३१४ असेल तर २०१४ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही ताजी असो, दहा वर्षांहून जुनं रबर पावसात दगा देतं. दुसरा गिअर थंडीत कुरकुरला तर समजून घ्यायचं, गाडी गरम झाल्यावरही कुरकुरला तर नोटांच्या रकान्यात लिहायचं.

आणि नमस्कार. ह्यात मी तीनच गोष्टी लिहायला लावल्या.

पहिली, कागदपत्रांत गडबड. गाडीचा नंबर काचेखाली डॅशबोर्डवर असतो आणि मिआटाच्या दारांवर, बॉनेटवर, मडगार्डवरही त्याच नंबरचे छोटे स्टिकर असतात. एखाद्या भागावर स्टिकर नसेल तर तो बदललेला किंवा रंगवलेला आहे. एक भाग बदलला असेल तर कारण विचारायचं. तीन-चार बदलले असतील तर गाडी जोरात कुठेतरी आदळली आहे. मालकीच्या कागदावर सॅल्व्हेज किंवा रीबिल्ट असा शिक्का असेल तर तिथेच विषय संपला. मीटरच्या आकड्याबद्दल एक गंमत सांगतो. अमेरिकेत २०१० किंवा त्याआधीच्या मॉडेलची गाडी विकताना मीटरचा आकडा लिहून देण्याची केंद्रीय कायद्याची सक्ती आता उरलेली नाही. मालकीच्या कागदावर सरळ 'एक्झेम्प्ट' लिहिलेलं असतं. म्हणून आकडा खरा मानायचा तो जुन्या पावत्यांवरून. तेल बदलल्याच्या पावत्यांवर तारीख आणि मैल दोन्ही असतात, आणि वीस वर्षांच्या पावत्या क्रमाने खोट्या बनवायला कुणालाही वेळ नसतो.

दुसरी, क्रँकचं नाक. १९९० आणि १९९१ च्या सुरुवातीच्या गाड्यांत क्रँकशाफ्टचं पुढचं टोक आखूड होतं. त्यावरची चावीची खाच झिजते, पुढची पुली डुगडुगायला लागते आणि शेवटी क्रँकच बाद होतो. माझ्दाने १९९१ मधेच ते टोक जाड-लांब केलं. ओळखायची खूण सोपी आहे, टॉर्च मारून पुलीच्या खाचा मोजायच्या. चार असतील तर आखूड नाक, आठ असतील तर नंतरचं. आखूड नाकाच्या सगळ्याच गाड्या बिघडतात असं नाही, पण इंजिन चालू ठेवून बघताना पुली नाचताना दिसली तर नमस्कार.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे गंज. ह्या गाडीला छप्पर नाही. इतर गाड्यांत ताकदीचा मोठा वाटा छपराचा असतो. इथे सगळा भार जमिनीवर आणि दाराखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या पोकळ पट्ट्यांवर. त्याला इथले लोक रॉकर पॅनल म्हणतात. टपावरचं पावसाचं पाणी सीटच्या मागच्या दोन कोपऱ्यांत उतरतं आणि तिथल्या नळीतून मागच्या चाकाच्या पुढे जमिनीवर पडतं. त्या नळीत पानं-माती अडकली की पाणी तुंबून त्या पोकळ पट्टीत शिरतं आणि तिथेच मुक्काम करतं. म्हणजे पट्टी आतून सडते. बाहेरचा रंग शेवटपर्यंत चकचकीत राहू शकतो! त्यात इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून आपलं काम करत असतंच.

सरकार काही बघत असेल म्हणावं तर तेही नाही. न्यू जर्सीने २०१० मधे खाजगी मोटारींची ब्रेक, स्टिअरिंग वगैरेंची तपासणी बंद केली. त्यामुळे गाडी खालून शाबूत आहे की नाही हे बघणारे आपणच.

हे सगळं कागदावर लिहून आम्ही पहिली गाडी बघायला गेलो. १९९१ ची, लालभडक, मीटरवर ६२,००० मैल. विकणारा साठीच्या पुढचा एक सज्जन गृहस्थ होता. गाडी धुऊन, पुसून, टप उघडून आमची वाट बघत उभा. गाडी थंडच ठेवा असं फोनवर सांगितलं होतं. बॉनेटवर हात ठेवून बघितला, खरंच थंड होतं. तिथेच माणूस मला आवडला.

गाडी झटक्यात सुरू झाली. टिकटिक दोन मिनिटांत थांबली. धूर नाही. स्टिकर सगळे जागेवर. पुलीच्या खाचा मोजल्या, आठ. भाच्याने माझ्याकडे बघून अंगठा वर केला. त्याचा चेहरा सांगत होता की मनातल्या मनात तो गाडी घेऊन समुद्रावर पोचलासुद्धा.

मी गृहस्थांना विचारून जमिनीवर सतरंजी टाकली आणि आडवा झालो. आपण माठ घेताना बोटाने वाजवून घेतो ना, अगदी तसंच स्क्रूड्रायव्हरच्या प्लास्टिकच्या मुठीने ती पट्टी वाजवत जायची. टोक लावायचं नाही. दुसऱ्याची वस्तू आहे, भोक पाडायचा आपल्याला अधिकार नाही. पुढून टणटण आवाज येत होता. दार संपलं, मागचं चाक दोन वीत उरलं, आणि आवाज बदलला. ठप्. पुढे पुन्हा ठप्. फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक लावलं, ते चिकटेना. म्हणजे तिथे पत्रा कमी आणि पुट्टी जास्त.

मग विचारून सीटच्या मागच्या कोपऱ्यांत पाण्याची एकेक बाटली हळूहळू ओतली. उजवीकडचं पाणी भसाभसा खाली आलं. डावीकडचं आलंच नाही. आम्ही तिघेही खाली वाकून बघत राहिलो. मिनिटभराने पट्टीच्या खालच्या शिवणीतून चहाच्या रंगाचं पाणी ठिबकायला लागलं.

गृहस्थांना खरंच माहीत नव्हतं. मैल इतके कमी का, ते तेव्हा लक्षात आलं. गाडी वर्षानुवर्षं अंगणातल्या मेपलच्या झाडाखाली उभी होती, आणि ती पानं गेली होती त्या नळीत. पुट्टी कदाचित त्यांच्या आधीच्या मालकाची. ते गुडघ्यावर बसले, ओल्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. लबाड विकणारा परवडतो हो, त्याला नाही म्हणताना काही वाटत नाही. अशा माणसापुढे जीभ जड होते.

मग ते म्हणाले, दीड हजार कमी करतो.

खरी परीक्षा इथे होती. भाचा मला बाजूला घेऊन गेला. "मामा, दीड हजारात वेल्डिंग होईल ना? वरून तर काहीच दिसत नाही." त्याचं काही चुकत नव्हतं. भाव उतरला की नमस्काराच्या रकान्यातली गोष्ट हळूच सरकून नोटांच्या रकान्यात जाऊन बसते. पण सडका पत्रा दिसतो त्याहून नेहमी जास्त असतो. कापत जाल तसा पुढे पुढे निघतो. काम काही हजारांत जातं आणि पैसे संपल्यावरही आतली पट्टी किती उरली ते नक्की सांगता येत नाही. शिवाय ती पट्टी शोभेची नाही. बाजूने कुणी धडकलं तर माणूस आणि समोरची गाडी ह्यांच्या मधे दार आणि ती पट्टी एवढंच असतं. मी फक्त म्हटलं, "कागद काढ." त्याने कागद काढला. तिसऱ्या रकान्यात त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं - पट्टीतला गंज.

गृहस्थांना आम्ही जे दिसलं ते नीट समजावून सांगितलं, नळी कुठे तुंबली आहे तेही दाखवलं, आभार मानले आणि निघालो. परतीच्या दीड तासात भाचा एक शब्द बोलला नाही. पुढचे तीन आठवडे फोनही नाही. मग ताईचा फोन आला, "काय बोललास रे तू त्याला?" म्हणजे गाडीचं प्रकरण तोवर नाशिकपर्यंत पोचलं होतं! तिला वाटत होतं मी गाडीच घेऊ नको म्हणालो. खरं तर तिला तेच हवं होतं, पण मुलगा हिरमुसलेलाही बघवत नव्हता. आयांचं हे असं असतं.

चौथ्या आठवड्यात त्याचाच मेसेज आला. १९९५ ची, पांढरी, १.८ लिटरची, १,४८,००० मैल. व्हर्जिनियाच्या दक्षिणेकडे, म्हणजे सहा तासांवर. खाली लिहिलं होतं, "कागद घेतलाय."

फोटोत ही गाडी कुणाला आवडली नसती. बॉनेटचा रंग उडालेला, मागच्या बंपरला पोचा, टप फाटलेला. पण मालकीणबाईंनी समोर एक जाडजूड फाईल ठेवली. पहिल्या दिवसापासूनच्या पावत्या, क्रमाने लावलेल्या. टायमिंग बेल्ट ६२,००० ला एकदा आणि १,१९,००० ला एकदा. गाडी कायम बंद गॅरेजमधे. ह्या वेळी सतरंजीवर भाचा आडवा झाला. मी उभा राहून ऐकत होतो. टण, टण, टण... शेवटपर्यंत टण. पाणी दोन्हीकडून भसाभसा. डिकीत उजव्या कोपऱ्यात बॅटरी असते, ती उचलून खालचा पत्रा बघितला, कारण चुकीची बॅटरी बसवली की तिचं ॲसिड तो पत्रा खातं. स्वच्छ होता.

इंजिनच्या मागे तेल गळत होतं. क्लचचं पेडल मऊ होतं. टायर अकरा वर्षांचे. भाचा एकेक लिहीत होता, चिल्लर, चिल्लर, नोटा, नोटा. तिसरा रकाना कोराच राहिला. तरी मी गावातल्या एका अनोळखी मेकॅनिककडे गाडी नेऊन दीडशे डॉलर देऊन वर उचलून बघून घेतली. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजलं. आकडा किती ह्यापेक्षा चारही जवळपास सारखे आहेत का ते बघायचं. होते. सहा तास आल्यावर दीडशे डॉलर वाचवावेसे वाटतात, पण नेमकं तेव्हाच ते खर्च करायचे. लांबून आलोय म्हणून गाडी घेतली, ह्याच्यासारखं वाईट कारण नाही.

मागणी ५,८०० ची होती, ५,२०० ला ठरली. भाच्याला मी आधीच सांगून ठेवलं होतं की साठवलेले सगळे पैसे गाडीत घालायचे नाहीत. उरलेल्या २,३०० मधून दीडशे मेकॅनिकला गेले होते. बाकीच्यात पहिल्याच महिन्यात टायर, क्लचचा सिलिंडर, ते रबरी कडं आणि टप आला. कडं आम्ही दोघांनी बसवलं. हात माझा सोलला.

गाडी घरी आल्यावर ताईने फोन करून मला एकच प्रश्न विचारला. "सुरक्षित आहे ना रे?"

ताई, फोनवर मी तुला जे म्हटलं तेच इथे पुन्हा लिहितो. गाडी जुनी आहे, लहान आहे, दोन एअरबॅग आहेत पण एबीएस नाही. शेजारून जाणारे ट्रक तिच्या दुप्पट उंच असतात. आजच्या गाडीइतकी सुरक्षित आहे असं मी म्हणणार नाही, ते खोटं होईल. पण तिच्या पोटाखालचा पत्रा वीत न् वीत वाजवून बघितलेला आहे, आणि तो तुझ्या मुलाने स्वतः वाजवलाय. पहिल्या गाडीबद्दल मला एवढंही म्हणता आलं नसतं.

आता भाच्याचे मित्र त्याला गाड्या बघायला सोबत नेतात. कुणाला बीएमडब्ल्यूची झेड-थ्री हवी असते, कुणाला जुनी पोर्शे बॉक्सस्टर. गाडी बदलली की दुखणी बदलतात. बॉक्सस्टरच्या पहिल्या पिढीत इंजिनच्या आतल्या मधल्या शाफ्टचं एक बेअरिंग आहे, ते फुटलं तर अख्खं इंजिन जातं. त्यामुळे दर गाडीला कागद नवा लागतो, पण रकाने तेच तीन. परवा एका मित्राला तो फोनवर सांगत होता, "कागद घरी भर, तिथे जाऊन नाही. तिथे गेल्यावर तू तू नसतोस."

मी काही म्हणालो नाही. चहा घेतला आणि आत गेलो.

असो. कुणी ह्या उन्हाळ्यात जुनी उघडी गाडी बघायला जाणार असाल तर सोबत एवढं न्या: टॉर्च, सतरंजी, फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, पाण्याच्या दोन बाटल्या. आणि कागद, तिसरा रकाना भरलेला.